वस्तरा

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी केस कापायला शिकलो. दुसऱ्यांचे. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग "छंद म्हणून का?" असं विचारतात. पण एखादं वडीलधारं माणूस असेल तर ते हसत नाही, काही विचारतही नाही. नुसतं विषय बदलतं. आमच्या एका काकांनी तर चहाचा कप खाली ठेवून एवढंच म्हटलं, "आपल्यात हे असलं कुणी केलं नाही रे." बरेच दिवस या 'आपल्यात' आणि 'असलं'बद्दल लिहायचं मनात होतं. आज जमवतोय.

कारण तसं साधं होतं. २०१७ च्या पावसाळ्यात वडिलांना, म्हणजे आमच्या नानांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं दोनेक महिन्यांत परत आलं, अडखळत का होईना पण आलं. नाना चाळीस वर्षं एकाच दुकानात केस कापून घ्यायचे. साताऱ्यात राजवाड्याच्या अलीकडे एका बोळात तीन खुर्च्यांचं सलून आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. नानांना जाता येईना म्हणून अण्णाच दर पंधरा दिवसांनी घरी येऊ लागले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि अण्णांचं वय तेव्हा अडुसष्ट. एकदा मी ऑफिसातून लवकर आलो तर अण्णा दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. गुडघे चोळत होते. म्हणाले, "काही नाही साहेब, जरा दम घेतोय."

त्या रविवारी मी दुकानात गेलो आणि विचारलं, "अण्णा, मला शिकवाल का? नानांचं मीच करत जाईन."

दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती. सगळी आरशातून माझ्याकडे बघू लागली. अण्णा म्हणाले, "सोमवारी या. सोमवारी दुकान बंद असतं."

पहिले तीन सोमवार मी कात्री फक्त उघडली आणि मिटली. तुम्हाला वाटेल त्यात काय शिकायचंय. आपण कागद कापतो तेव्हा कात्रीची दोन्ही पाती हलतात. न्हाव्याच्या कात्रीचं एक पातं स्थिर राहतं, हलतो तो फक्त अंगठा. माझी चारही बोटं अंगठ्याबरोबर हलायची. अण्णा काही बोलायचे नाहीत, नुसते माझ्या करंगळीवर टिचकी मारायचे. मग डाव्या हातात कंगवा आला. कंगव्याने केस उचलायचे, कंगव्याबाहेर आलेले तेवढेच कापायचे, आणि हे करताना दोन्ही हात एकत्र वर सरकत गेले पाहिजेत. माझा एक हात पोचायचा आणि दुसरा मागे राहायचा. बायकोच्या जुन्या विगवर (गॅदरिंगच्या नाटकातला) मी दोन महिने हात साफ केला. शेवटी तो विग इतका विद्रूप झाला की मुलीने तो गच्चीवर बुजगावणं म्हणून लावला.

वस्तरा त्यानंतर. आधी फुगा. फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि फुगा न फोडता फेस उतरवायचा. हल्ली वस्तऱ्यात ब्लेड मोडून अर्धं घालतात, दर गिऱ्हाइकाला नवं. अण्णांनी मात्र त्यांच्या वडिलांचा पोलादी वस्तरा अजून जपून ठेवलाय, दगडावर लावायचा आणि चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा तो. तो मला फक्त हातात धरायला दिला. वजन कळावं म्हणून. म्हणाले, "वजन याचं याला करू द्यायचं. आपण दाबायचं नाही." मी बारा फुगे फोडले. तेरावा राहिला. त्या दिवशी अण्णांनी खुर्चीत बसून स्वतःच्या गालाला साबण लावला आणि डोळे मिटून घेतले.

माझा हात थरथरला हे सांगायला नकोच. वस्तरा धरणारा हात खरं काम करतच नाही, काम दुसऱ्या हाताचं असतं, हे मला तेव्हा कळलं. डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणून धरायची, केसांची दिशा बोटांनाच कळते. हनुवटीखाली केस एकीकडे वळलेले, मानेवर दुसरीकडे. आधी सुलटा हात, मग उलटा. ज्याची दाढी करायची त्याच्या चेहऱ्यावर तुमचे हात दहा मिनिटं असतात. इतका वेळ आपण आपल्या बापाच्या चेहऱ्याला कधी हात लावतो? मी तरी त्याआधी कधी लावला नव्हता.

घरी येऊन या धंद्याचा इतिहास वाचायला लागलो. सवयच आहे, काही शिकायला घेतलं की त्याची पुस्तकं गोळा करायची. आणि लगेच लक्षात आलं की माझ्यासारखा 'शिकायला आलेला' माणूस या इतिहासात जवळजवळ सापडतच नाही. न्हावी शिकत नव्हता, जन्मत होता. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या 'गावगाड्या'त बारा बलुतेदारांत न्हावी आहेच. वर्षभर गावाची डोई करायची आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. मजुरी रोखीची नाही, ठरावाची नाही, वहिवाटीची. पोरगं बापाच्या मागे धोकटी घेऊन हिंडायचं, त्यातच शिकायचं. 'कधीपासून शिकतोस' हा प्रश्नच नव्हता.

धोकटी म्हणजे न्हाव्याची चामड्याची पिशवी. वस्तरा, कात्री, चिमटा, नखं काढायची नराणी, वाटी, आरसा असं सगळं तीत. आणि तुंबड्या. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण आपण आळशी माणसाला ऐकवतो, पण तुंबडी म्हणजे काय हे आता कितीजणांना माहीत असेल? दुखऱ्या जागी लावून रक्त ओढून घ्यायचं ते साधन. म्हणजे एके काळी गावचा न्हावी हा गावचा शस्त्रक्रिया करणाराही होता. त्या म्हणीत एक अख्खा व्यवसाय पुरून ठेवलाय आणि वर आपण हसतोय.

विलायतेतही हेच होतं. लंडनमध्ये १५४० साली न्हावी आणि शल्यवैद्य यांचा एकच संघ झाला आणि १७४५ साली शल्यवैद्य त्यातून वेगळे झाले. पुढे ते मोठे डॉक्टर झाले, न्हावी न्हावीच राहिले. फरक एवढाच की तिथे धंदा उमेदवारी करून शिकायचा असे, जन्माने मिळायचा नाही. १८९३ मध्ये शिकागोला मोलर नावाच्या माणसाने फी घेऊन केशकर्तन शिकवणारी शाळा काढली. पैसे भरा, शिका. तुमचा बाप कोण, हा प्रश्न नाही.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न सुटला नाही. इतिहासात न्हावी म्हटलं की आपल्याला १६५९ चा प्रतापगडचा जिवा महाला आणि १६६० चा पन्हाळ्याचा शिवा काशीद आठवतात. संतांमध्ये सेना महाराज आठवतात. आठवायलाच हवेत. पण यातलं शौर्य आणि भक्ती आपल्याला आवडते, त्यांच्या हातातलं काम नाही. 'हजामत' हा शब्द आपण अजून शिवीसारखा वापरतो. राम नगरकरांचं 'रामनगरी' वाचताना आपण पोट धरून हसतो. पुन्हा वाचा, हसता हसता कुठे बोचतं ते कळेल.

असो. नानांकडे येतो.

२०१८ च्या दिवाळीपासून नानांचं सगळं मी करू लागलो. दर दुसऱ्या रविवारी सकाळी गॅलरीत खुर्ची, खाली वर्तमानपत्र, गळ्याभोवती जुनी चादर. नाना मुळात अबोल. पण या वेळी बोलायचे. समोर तोंड नसलं की माणसं बोलतात असा माझा अनुभव आहे, न्हावी आणि रिक्षावाले यांना लोक सगळं सांगतात ते बहुधा त्यामुळेच. एका रविवारी मी मानेवरचे केस वस्तऱ्याने साफ करत होतो आणि नाना एकदम म्हणाले, "आक्काआत्याकडे यायचा तो असाच आवाज करायचा."

"कोण यायचा?"

"न्हावी."

आक्काआत्या ही नानांची सख्खी आत्या. आमच्या घरात तिचा फोटो नाही, पण गोष्टी आहेत. लग्न अकराव्या वर्षी, नवरा गेला तेव्हा पंधराची, नंतर सगळा जन्म माहेरी, लाल आलवणात. नानांचा जन्म १९३८ चा, म्हणजे ही त्यांची पाचसहा वर्षांची आठवण. दर पंधरा दिवसांनी पहाटे परसदारी विहिरीपाशी गावचा न्हावी यायचा. पोरांना तिकडे जायला मज्जाव. नाना एकदा चिंचेच्या झाडाआडून बघत होते. आत्या पाठमोरी बसलेली, पदर खाली घेतलेला, आणि खर्र खर्र असा आवाज. "मला तो राक्षस वाटायचा," नाना म्हणाले. "गावात कुठं दिसला तरी मी पळून जायचो."

"आणि आत्या?"

"ती काय, नंतर अंघोळ करून स्वयंपाकाला लागायची."

मी विचारलं, त्याचं नाव काय होतं? नानांना आठवेना. आलवणाचा ओला वास आठवत होता, विहिरीच्या रहाटाचा आवाज आठवत होता. नाव नाही. ज्या माणसाने वर्षानुवर्षं आमच्या घरातल्या एका बाईच्या डोक्याला हात लावला, त्याला आमच्या घराच्या आठवणीत नाव नव्हतं. फक्त भूमिका होती, राक्षसाची.

गंमत बघा. वस्तरा ज्याच्या हातात, तो राक्षस. आणि ज्यांनी त्याला बोलावलं ते? माझे पणजोबा. ज्यांच्या नावाने आमच्याकडे अजून श्राद्ध होतं.

केस राखलेल्या विधवेच्या हातचं पाणी देवाला चालत नसे, म्हणून हे वपन. यावर एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात पुष्कळ लिहिलं गेलं. आगरकरांनी लिहिलं. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून क्रमशः येऊ लागलं. यमूचं केशवपन वाचून ज्याच्या पोटात कालवलं नाही असा मराठी वाचक विरळा. हे सगळं मला शाळा-कॉलेजापासून माहीत होतं. लेखक, सुधारक, भटजी, सासरे, दीर, सगळे या चित्रात होते. न्हावी होता तो फक्त वस्तऱ्यापुरता. हातात हत्यार, तोंडात शब्द नाही.

मग १८९० ची दुसरी गोष्ट सापडली. त्याच वर्षी मुंबईत न्हाव्यांनी सभा भरवली आणि ठरवलं की विधवांचं वपन करायचं नाही. संप. या मागे होते नारायण मेघाजी लोखंडे. जोतिराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी. आपल्याला ते माहीत आहेत ते रविवारच्या सुट्टीमुळे. गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली ती याच १८९० सालच्या जूनमध्ये. (रविवार हाच न्हाव्याचा सर्वांत धावपळीचा दिवस. लोखंड्यांनी मिळवलेली सुट्टी सगळा महाराष्ट्र न्हाव्याच्या खुर्चीत बसून घालवतो.) त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जोतिराव गेले.

मी ते वाचलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. म्हणजे ज्यांच्या घरातल्या लेकीसुना होत्या ते वर्तमानपत्रांतून वाद घालत होते, शास्त्रार्थ काढत होते. आणि ज्यांच्या घरात ही चालच नव्हती, ज्यांना त्या कामाचे दाणे मिळत होते, ते म्हणाले, आम्ही करणार नाही. आमच्या घरातल्या गोष्टीतला राक्षस असा निघाला.

पण इथे थांबलो तर ती फसवणूक होईल. पहिली गोष्ट म्हणजे संप झाला १८९० मध्ये आणि नानांनी चिंचेच्या आडून पाहिलं ते पन्नासेक वर्षांनी. मुंबईतल्या ठरावाने कृष्णाकाठच्या आमच्या गावात काही बदललं नाही. केस परत मिळवले ते त्या बायकांनी, एकेकीने. रमाबाईंच्या शारदा सदनात १८८९ मध्ये गोदूबाई नावाची एक बालविधवा आली, तिथे तिने केस वाढवले, शिकली, आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा विवाह झाला. त्याबद्दल कर्व्यांच्या मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. या आनंदीबाई कर्वे. त्यांचं 'माझे पुराण' जरूर वाचा. आक्काआत्याच्या वाट्याला शारदा सदन आलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे, आणि ती माझ्याच गावची आहे. १९०० च्या नोव्हेंबरात भीमराव नावाच्या मुलाचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. आजचं प्रतापसिंह हायस्कूल. अण्णांच्या दुकानापासून चालत पाचसात मिनिटं. बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आठवणींत त्या दिवसांबद्दल लिहिलंय. साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते. घरच्यांना पैसे देणं परवडत होतं. पण एकही न्हावी त्यांच्या केसांना हात लावत नव्हता. म्हणून त्यांची मोठी बहीण घरातल्या मुलांचे केस कापायची, आणि करून करून त्यात तरबेज झाली होती.

मी ती ओळ आता कात्री हातात धरणाऱ्या माणसाच्या नजरेने वाचतो. तरबेज झाली, म्हणजे कधीतरी नवशिकी होती. तिच्याही कात्रीची चारही बोटं हलली असतील. कुणाच्या तरी कानामागे खड्डा पडला असेल, कुणीतरी रडलं असेल. तिला करंगळीवर टिचकी मारणारे अण्णा नव्हते. शिकण्याची सगळी दारं जिथे बंद, तिथे ती एकटी शिकली. या इतिहासात मला भेटलेली, जन्माने न्हावी नसताना शिकलेली ती पहिली व्यक्ती.

मी एका सोमवारी हे दोन्ही अण्णांना सांगितलं. १८९० चा संप आणि साताऱ्यातली ती बहीण. अण्णा कापड झटकत होते, झटकतच राहिले. मग म्हणाले, "संपाचं मला ठाऊक नव्हतं. दुसरं ठाऊक आहे."

थोड्या वेळाने स्वतःच बोलले. त्यांच्या आजोबांनी गावात त्या वस्तीतल्या माणसाचे केस कधी कापले नाहीत. कापले असते तर बाकीच्या गावाने दारात उभं केलं नसतं, बलुतं बंद झालं असतं. वडील साताऱ्यात आले, दुकान टाकलं, आणि खुर्चीवर बसेल त्याचे केस कापायला लागले. गावाकडे ही बातमी गेली. दोन वर्षं भावकीच्या पंगतीला बोलावणं नव्हतं.

"पण साहेब," अण्णा म्हणाले, "आजोबांना मी माफ नाही करत. वरच्याला नाही म्हणायला पोटाला आधार लागतो, तो नव्हता, मान्य. खालच्याला नाही म्हणायला काहीच लागत नाही. ते त्यांनी रोज केलं."

मी घरी जाऊन हे वाक्य वहीत लिहून ठेवलं. वस्तऱ्याचा सगळा इतिहास मला त्यात दिसतो. एकच हत्यार, एकच हात. आक्काआत्येच्या डोक्यावर तो नको असताना फिरला आणि साताऱ्यातल्या त्या मुलाच्या डोक्यावर हवा असताना फिरला नाही. दोन्ही वेळा ठरवणारे तिसरेच होते, आणि दोन्ही वेळा समोर दिसला तो न्हावी.

यावर कायद्याने जे उत्तर दिलं ते साताऱ्यातल्या त्या मुलानेच दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. घटना समितीत १९४८ च्या नोव्हेंबरात, आज जे पंधरावं कलम आहे त्याच्या मसुद्यावर चर्चा चालू होती. दुकानं, उपाहारगृहं यांत जातीवरून कुणाला मज्जाव करता येणार नाही, असं ते कलम. 'दुकान' या शब्दात काय काय येतं असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी स्पष्ट केलं की दुकान म्हणजे नुसती आत शिरण्याची मुभा नव्हे. ठरलेला मोबदला द्यायला माणूस तयार असेल तर त्याला तिथली सेवा मिळाली पाहिजे. किती कोरडं, कायदेशीर वाक्य! पण मला त्यामागे कात्री घेऊन बसलेली एक मुलगी दिसते. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने असा नकार हा गुन्हाच ठरवला. नकार त्याने सगळीकडचा संपला असं कोण म्हणेल? पण 'वहिवाट आहे' हे कारण तरी कोर्टात उरलं नाही.

मोठेपणी शिकलेल्यांत आणखी एक नाव आहे, तेही आपल्याच भागातलं. गडहिंग्लज तालुक्यातल्या हासूरसासगिरी गावच्या शांताबाई यादव. १९८४ मध्ये नवरा गेला, पदरात चार मुली. शेतमजुरीत भागेना. गावातल्या एका जाणत्या माणसाने सुचवलं की नवऱ्याचाच वस्तरा हातात घे. न्हाव्याच्या घरातली असली तरी बाईने वस्तरा धरायचा ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती. लोक हसले. त्यांनी हसू दिलं. गावोगाव पायी हिंडून त्या केस कापायच्या, दाढ्या करायच्या, गुराढोरांचेही केस भादरायच्या. त्यावर मुली वाढवल्या, त्यांची लग्नं केली. वृत्तपत्रांनी त्यांच्यावर लिहिलं ते फार नंतर.

विधवा आणि वस्तरा. १८९० मध्ये हे दोन शब्द शेजारी आले की त्याचा एकच अर्थ होता. शंभर वर्षांच्या आत एका विधवेने तो वस्तरा स्वतःच्या हातात घेतला आणि समोर पुरुष मान खाली घालून बसले. हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा जास्तच जुळवून आणलंय.

मग २०२० आलं. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि स्पर्श हाच गुन्हा झाला, सगळ्यांसाठीच. सलून तीन महिने बंद. आमच्या इमारतीत मी केस कापतो हे एव्हाना कळलं होतं. मे महिन्यात एकेक जण दार वाजवू लागला. यात ते काकाही होते, 'आपल्यात हे असलं' वाले. मास्क लावून, टॉवेल घेऊन आलेले. मला मोह झाला, खोटं का बोलू? तीन वर्षांनी माझ्या हाताला गिऱ्हाईक मिळत होतं. पण माझा पगार चालू होता आणि अण्णांचा गल्ला मार्चपासून रिकामा. मी एकेकाला म्हटलं, दुकान उघडेल तेव्हा अण्णांकडे जा, आणि आत्ताच आगाऊ पैसे देऊन ठेवा. चारपाच जणांनी दिले. काकांनी दिले नाहीत, पण जूनअखेर रांगेत पहिले तेच होते. २८ जूनला दुकानं उघडली तेव्हा फक्त केस कापायला परवानगी होती, दाढीला नव्हती. अण्णा म्हणाले, "साहेब, अर्धाच न्हावी झालो."

अण्णांचा मुलगा एमआयडीसीत फिटर आहे. त्याला त्यांनी मुद्दाम कात्री धरू दिली नाही. मला शिकवताना त्यांना काय वाटत असेल हा प्रश्न मी एकदा विचारलाही. म्हणाले, "तुम्हाला कुणी न्हावी म्हणणार नाही, साहेब. तुम्ही शिकलात तर लोक कौतुक करतील. तो शिकला असता तर कोण करणार होतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. वस्तरा मला निवडता आला, याच अर्थाने मी या धंद्यात कायम बाहेरचा आहे. काका विषय बदलतात ते मी त्यांच्या लेखी खाली उतरलो म्हणून. पण परत वर यायची शिडी माझ्यासाठी लावलेलीच आहे. ती शिडी माझी मी कधीच बांधलेली नव्हती.

नाना २०२२ च्या जानेवारीत गेले. झोपेतच. आदल्याच रविवारी मी त्यांची दाढी केली होती, म्हणून चेहरा स्वच्छ होता.

माहुलीच्या संगमावर दहाव्याला क्षौर असतं. मी दोनशे-तीनशे वेळा दुसऱ्याच्या केसांना हात लावला असेल, पण हे एक काम स्वतःचं स्वतःला करता येत नाही. घाटावर त्यासाठी माणसं असतात. अण्णा मात्र पहाटे स्वतः आले, गुडघ्यांसकट सगळ्या पायऱ्या उतरून. पिशवीतून त्यांनी वडिलांचा तो पोलादी वस्तरा काढला. नवं ब्लेड का नाही, असं मी विचारलं नाही. पट्ट्यावर दहाबारा वेळा फिरवला. "मान खाली घाला," म्हणाले.

थंडी होती. कृष्णेच्या पाण्यावरून वारा येत होता. डोक्यावर पाणी पडलं, मग अण्णांची बोटं, मग तो आवाज. खर्र खर्र. नानांनी चिंचेच्या आडून ऐकलेला. इतके दिवस मी तो आवाज करत होतो, ऐकत नव्हतो. आतून ऐकला की तो कवटीत घुमतो. केस मांडीवर पडत राहिले आणि मला नानांच्या आधी आक्काआत्या आठवली, जिला मी कधी पाहिलं नाही. पंधराव्या वर्षी पहिल्यांदा मान खाली घालताना तिला हे ऐकू आलं असेल. माझ्याभोवती माझी माणसं उभी होती. तिला सगळ्यांनी एकटं सोडलं होतं आणि जवळ होता तो एकच माणूस, ज्याला नाही म्हणता येत नव्हतं.

झाल्यावर मी अण्णांना पैसे दिले. ते घेणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्यांनी घेतले, मोजले आणि खिशात ठेवले. मला बरं वाटलं.

तीन आठवड्यांत माझ्या डोक्यावर केस दिसायला लागले. महिन्याभरात लोक विसरलेही. आक्काआत्याकडे तो दर पंधरा दिवसांनी यायचा.